सॉलिड रोटर मोटरचं सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

पहिल्यांदा सॉलिड रोटरची मोटर सॉफ्टवेअरमध्ये टाकली तेव्हा टॉर्क बघून मी जाम खूश, मग बेंचवर तीच मोटर लावली तर त्याच स्लिपला (रोटर फिरत्या फील्डच्या किती मागे पडतो ते प्रमाण) आकडा दोन तृतीयांशावर अडकला आणि आठवडाभर मी वाइंडिंगवाल्याला शिव्या घालत बसलो. वाइंडिंग बिचारं बरोबर होतं. घोळ माझ्या 2डी मॉडेलमध्ये, म्हणजे मोटरचा नुसता आडवा छेद सोडवणाऱ्या मॉडेलमध्ये होता.

स्क्विरल केजमध्ये (नेहमीचा, सळयांच्या पिंजऱ्याचा रोटर) करंट टोकांवरच्या एंड रिंगमधून वळतो. इथे रिंगच नाही, लेथवर टर्न केलेला अख्खा स्टीलचा गोळा, त्यामुळे करंट रोटरच्या टोकांजवळ आतल्या आतच वळतो आणि तेवढी लांबी टॉर्कच्या कामाची राहत नाही. 2डीला हे दिसतच नाही, त्याच्या लेखी रोटर अनंत लांब. यावर 1958 चा रसेल-नॉर्सवर्दी फॅक्टर आहे, रोटरची कंडक्टिव्हिटी त्याने गुणायची. लांबी आणि पोल पिच (शेजारच्या दोन पोलमधलं अंतर) दोन्ही 120 मिमी असतील तर फॅक्टर येतो 0.42! आखूड रोटरवाल्यांनो, हे विसरलात तर मेलात.

मग मेश, म्हणजे सॉफ्टवेअर मोटरचे जे बारीक तुकडे पाडतं ते. लोक स्किन डेप्थ (करंट पृष्ठभागापासून किती खोल शिरतो ते) फक्त स्लिप फ्रिक्वेन्सीने (सप्लायची फ्रिक्वेन्सी गुणिले स्लिप) काढतात, 1 हर्ट्झला साध्या स्टीलमध्ये (रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी 100 धरून) 22 मिमीच्या आसपास येते, म्हणून निवांत 3 मिमीचा मेश टाकतात. अहो पण स्टेटरचे स्लॉट? 36 स्लॉट, 4 पोल, 50 हर्ट्झ, म्हणजे रोटर सेकंदाला जवळपास 25 फेरे मारतो, त्याला स्लॉटांमुळे 900 हर्ट्झ दिसतात आणि तिथे स्किन डेप्थ पाऊण मिलिमीटर. वरचा थर 0.2 मिमीचा ठेवा, आत जाताना मोठा करत न्या. टाइम स्टेपचंही तेच, 1 मिलिसेकंद घेतली तर ही लाट गायबच होते आणि रोटर लॉस छान कमी दिसतो, 0.05 वर या.

टाइम-हार्मोनिक (टाइम स्टेप न घेता सगळं एकाच फ्रिक्वेन्सीची साइन लाट धरून सोडवणं) करत असाल तर फ्रिक्वेन्सी 50 ठेवून रोटरची कंडक्टिव्हिटी स्लिपने गुणा, नाहीतर सगळं स्लिप फ्रिक्वेन्सीवर चालवा. दोन्ही एकदम केलं की स्लिप दोनदा लागते, आमच्याकडे एकाने केलंय.

आणि रोटर इम्पिडन्सचा अँगल बघाच. बरोब्बर 45 अंश आला तर बीएच कर्व्ह (स्टील किती मॅग्नेटाइज होतं त्याचा वक्र) लोडच झालेला नाही, मटेरियल लिनियर चाललंय. पूर्ण सॅच्युरेशनच्या थिअरीत तो 26.6 पर्यंत उतरतो, खरी मोटर या दोघांच्या मधे कुठेतरी असते.