कासव घरी येण्याआधी: उन्हाची सोय करा, मग बाकीचं

कुणाची बदली होते, कुणाच्या मुलांची हौस संपते, मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेलं दीड इंचाचं पिल्लू आठ इंचांचं होऊन बसतं, आणि मग ते कासव "तुम्हाला आवड आहे ना, ठेवा" म्हणून आपल्या दारात येतं. येणार हे कळलं त्या दिवसापासून काय काय करून ठेवायचं, ते लिहिते आहे. आल्यावर बघू, हे चालत नाही. मागच्या वेळी माझ्याकडे टब होता, फिल्टर होता, चांगलं खाणं होतं. उन्हाची सोय तेवढी नव्हती. पाठीची कड बोटाखाली नुकत्या लाटलेल्या पापडासारखी दबायला लागली, तेव्हा कळलं. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात घरातल्या कासवाला उन्हावाचून मुडदूस होतो. म्हणून या यादीत ऊन पुन्हा पुन्हा येईल.

पण सगळ्यात आधी, येणारं कासव कोणतं आहे ते पाहा. फोटो मागवा. उंच फुगीर पाठीवर काळ्या रंगात पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव. पाठ चपटी, गुळगुळीत कातडीची, आणि मागचे पाय आत घेतले की खालच्या झडपा बंद होत असतील तर ते आपल्या तळ्या-विहिरींतलं देशी कासव. ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि शिक्षा 3 ते 7 वर्षं कैदेची. वास्तूला चांगलं म्हणून ठेवलंय, कुणीतरी भेट दिलंय, यातलं काहीही कामाला येत नाही. वन विभागाच्या 1926 या टोल-फ्री नंबरवर फोन करायचा, आणि त्यांची माणसं येईपर्यंत हवेला भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत, शांत ठेवायचं. आपल्या घरी त्याचा मुक्काम नको.

डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते रेड-इअर्ड स्लायडर. दुकानांतून विकलं जातं ते बहुतेक हेच. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. म्हाताऱ्या नरांचा पट्टा काळवंडतो, तेव्हा पट्टा दिसला नाही तर जाणकाराला विचारा. पुढचं सगळं या कासवाबद्दल आहे. नीट सांभाळलं तर ते 20-30 वर्षं जगतं, त्यामुळे हो म्हणण्याआधी घरातल्या सगळ्यांशी बोलून घ्या.

आता ऊन. कासवाच्या कातडीवर उन्हातले अतिनील किरण, त्यातलेही यूव्हीबी, पडले की शरीरात डी-3 जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नसेल तर कितीही कॅल्शियम घाला, शरीर ते हाडांतून आणि पाठीतून काढून वापरत राहतं. पाठ मऊ पडते, वाकडी वाढते, जबडा लिबलिबीत होतो, पाय ओढत चालतं. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवलंय, छान ऊन येतं, असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की ते ऊन फक्त आपल्याला दिसतं, कासवापर्यंत काही पोचत नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक झाकणाचंही तेच. पिवळ्या बल्बची ऊब मिळते, यूव्हीबी मिळत नाही. एलईडीचा तर फक्त उजेड.

तेव्हा दोनच मार्ग. पहिला, थेट ऊन: गच्चीवर, अंगणात किंवा उघड्या बाल्कनीत, मध्ये काहीही नसताना. थंडीत सकाळी दहा ते बारा. मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत साडेआठ-साडेनऊच्या आत, आणि त्यापुढे एक मिनिट नाही. रोज अर्धा तास मिळाला तर उत्तम, आठवड्यातून तीन-चारदा तरी हवाच. जागेचा अर्धा भाग सावलीत असलाच पाहिजे, म्हणजे तापलं की त्याला स्वतःहून सरकता येईल. कासवाला घाम येत नाही. काचेची टाकी कासवासकट उन्हात नेऊन ठेवू नका, आतलं पाणी बघता बघता तापतं आणि जनावर मरतं. आणि तुम्ही तिथेच बसा. फोन आला म्हणून खाली जाऊ नका. घारी, कावळे, मांजरं आहेत, आणि स्लायडर आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट वेगानं पळतं.

दुसरा मार्ग, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब. ऊन दाखवणं रोज जमणार नसेल, आणि नोकरी करणाऱ्यांना ते जमत नाहीच, तर ही ट्यूब कासव येण्याआधी बसवलेली हवी. सोलापुरात चटकन मिळत नाही, मागवावी लागते, यायला दिवस लागतात. म्हणूनच ती यादीत पहिली. बसायच्या जागेच्या वर साधारण 25-30 सेंटीमीटरवर लावा, दिवसा दहा-बारा तास चालू, मध्ये काच नको, झाकण नको. ट्यूब उजेड देत राहते पण किरण संपतात. लावल्याची तारीख तिच्यावरच लिहा आणि फार तर वर्षभरात बदला. पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांतही तीच उपयोगी पडते.

ऊन मिळालं तरी ते घ्यायला पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा हवी. नुसतं डोकं वर काढून तरंगणं पुरत नाही. दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची बेटं पिल्लांपुरती; मोठं कासव चढलं की ती बुडतात. आपल्याकडे शहाबादी फरशीचे तुकडे कुठेही मिळतात. दोन बाजूंना विटा रचून त्यावर तुकडा हलणार नाही असा ठेवा, चढायला खडबडीत उतार द्या, धारदार कडा घासून घ्या. ट्यूबखाली आणि ऊब देणाऱ्या बल्बखाली त्या फरशीचं तापमान 31 ते 35 अंश असावं. हात ठेवून बघा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या फरशीवर हात ठेवलात तर सावली का हवी ते आपोआप कळेल.

टबाचं सोपं गणित असं की पाठीच्या दर इंचाला सुमारे 40 लिटर पाणी. म्हणजे आठ इंची कासवाला 300 लिटरच्या पुढे. काचेची एवढी टाकी परवडत नाही. जुन्या घरात वापरात नसलेला हौद असेल तर त्याच्यासारखं काही नाही. नसेल तर प्लॅस्टिकची पाण्याची टाकी आडवी कापून घेतात, तीही चालते. तळाशी रंगीत खडे घालू नका, गिळतात आणि आतडी तुंबतात. रिकामा तळ सगळ्यात चांगला. कडा उंच, वर जाळी.

पाण्याचा विचार सोलापूरकराला वेगळा करावाच लागतो. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे मनात आलं तेव्हा पाणी बदललं असं इथे होत नाही. एक ड्रम फक्त कासवासाठी ठेवा. पाणी आलं की भरा, दिवसभर उघडा राहू द्या म्हणजे क्लोरीन उडेल, मग वापरा. प्रत्येक पाळीला टबातलं तिसरा हिस्सा पाणी काढून नवं घालायचं. काढलेलं झाडांना घाला, झाडांना ते फार मानवतं. फिल्टर माशांच्या टाकीला लागतो त्याच्या दुप्पट क्षमतेचा हवा, कासव घाण खूप करतं. कूलरचा पंप, झाकणाची बादली, स्पंज आणि खडी वापरून घरी केलेला फिल्टर चांगला चालतो. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे, दर वेळी.

पाणी 24 ते 28 अंश. मत्स्यालयाचा साधा थर्मामीटर लावून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाणी 30 च्या वर जायला लागलं की टबावर शेडनेट किंवा ओलं गोणपाट, आणि दुपारी पाण्याची गोठवलेली बाटली सोडायची. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रात्री थंडी पडते, तेव्हा हीटर लावा, जाळीच्या आवरणासकट, कारण उघडी काचनळी कासव फोडतं. गारठलेलं कासव खात नाही. त्याला जबरदस्ती भरवू नका, आधी पाणी गरम करा.

खाण्यात मुख्य म्हणजे कासवाचे पेलेट, म्हणजे तयार खाण्याचे दाणे, एका वेळी त्याच्या डोक्याएवढे. पिल्लांना रोज, मोठ्यांना एक दिवसाआड. मोठ्या कासवाचा निम्म्याहून जास्त आहार पाल्याचा: मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक, माठ, राजगिरा टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. डबीतली वाळकी कोळंबी म्हणजे अधूनमधूनचा खाऊ. तेवढ्यावरच ठेवलेल्या कासवांचे डोळे सुजलेले असतात, अ जीवनसत्त्व मिळत नाही म्हणून. पोळी, भात, भाकरीचा चुरा, शेव, दूध हे काही नाही. पाहुण्यांना आणि मुलांना आधीच बजावून ठेवा. समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, कुरतडतं. आणि पुन्हा सांगते, हे सगळं कॅल्शियम उन्हावाचून वाया जातं.

आल्या दिवशी पाणी फक्त पाठ बुडेल एवढंच ठेवा. टाकून दिलेली कासवं अशक्त असतात, खोल पाण्यात दमून बुडतात. डोळे उघडे आहेत का, नाकाला बुडबुडे येतात का, पोहताना एका अंगावर कलतं का, पाठीला घाण वास येतो का, कड दबते का, हे पाहा. कललं किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर फुप्फुसाचा आजार, थांबू नका. कासवं तपासणारा डॉक्टर आधी फोन करून शोधून ठेवा. गायी-म्हशींच्या दवाखान्यात ऐन वेळी नेलं तर तिथल्या डॉक्टरांनाही काही सुचत नाही. पुण्याला न्यायची वेळ आली तर ओलसर टॉवेल घातलेल्या हवेशीर खोक्यात न्या, पाण्यात ठेवून नाही. घरात आधीचं कासव असेल तर नवीन महिनाभर वेगळं.

हात साबणानं धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असतो, आणि कासव वरून ठणठणीत दिसतं. अमेरिकेत 4 इंचांहून लहान कासवांची विक्री 1975 मध्ये याचसाठी बंद केली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका.

मादी असेल तर नर नसतानाही अंडी घालते. ओलसर माती-वाळूचं खोल घमेलं लागेल. नखं कापू नका. पाठीला तेल लावू नका. रंग तर नाहीच. महिन्याला वजन करा, वहीत लिहा.

जमलं नाही तर सिद्धेश्वर तलावात किंवा संभाजी तलावात सोडू नका. पुण्य म्हणूनही नाही. हे परदेशी कासव देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, रोग देतं. जगभरातल्या सर्वांत घातक 100 उपऱ्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. सांभाळणारं दुसरं घर शोधा, तोवर आपल्याकडेच ठेवा.

गावाला जाताना ज्याला किल्ली देणार त्याला आधी एकदा बोलावून सगळं करून दाखवा: किती पेलेट, कोणता प्लग, ड्रम कुठे. ट्यूबला टायमर लावा, म्हणजे तेवढं तरी विसरलं जाणार नाही.