अंडी उबवताना: मिलनापासून पिल्लापर्यंत

कोंबडा पाठीवर चढतो, दोघांची शेपटीखालची द्वारं क्षणभर टेकतात आणि वीर्य आत जातं. हे काही सेकंदांत उरकतं, पण कोंबडीच्या अंडनलिकेतल्या सूक्ष्म नळ्यांत शुक्राणू दहा-बारा दिवस, कधी त्याहूनही जास्त टिकतात. त्यामुळे आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. कोंबड्या फारच कमी असल्या तर त्यांच्या पाठीची पिसं झडून कातडी उघडी पडते. कोंबडा बदलला आणि पिल्लं नव्याचीच हवी असतील, तर आधीचा काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका.

अंडी मध्यम आकाराची, न तडकलेली निवडा. धुऊ नका, कवचावरचा पातळ थर जंतूंना अडवतो आणि पाण्याने तोच निघून जातो. उबवायला घेईपर्यंत 15 ते 18 अंशांत, निमुळतं टोक खाली करून ठेवा. सात दिवसांपुढे उबवणक्षमता घसरत जाते.

खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसू पाहणारी कोंबडी मिळाली तर उबवणी यंत्राची गरज नाही. ती खरंच बसणार का, हे खोटी अंडी ठेवून दोन दिवस पाहा. मग अंधार पडल्यावर तिच्या अंगाखाली मावतील तेवढी, साधारण दहा-बारा अंडी सगळी एकाच वेळी सरकवा. रोज एक-एक घालत गेलात तर पहिली पिल्लं निघताच ती उठते आणि मागची अंडी गार पडतात.

यंत्रात पंखा असेल तर 37.5 अंश, नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी 38.5 ते 38.9. पहिले 18 दिवस आर्द्रता 50 ते 55 टक्के. अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल अशी शिसपेन्सिलीने खूण करा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवा. विषम संख्या अशासाठी, की रात्रीचा मोठा अवधी रोज एकाच बाजूवर जाऊ नये. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो, आणि पहिल्या आठवड्यातली हयगय सर्वांत महागात पडते.

सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडं धरा. कोळ्याच्या पायांसारख्या शिरा आणि मधे काळा ठिपका दिसला तर गर्भ वाढतोय. आत काहीच न दिसणारी अंडी बहुधा अफलित असतात. सगळीच तशी निघाली तर आधी कोंबड्याकडे पाहा. लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला आहे. अशी अंडी बरीच निघाली, तर साठवण किंवा तापमान तपासा.

18व्या दिवशी फिरवणं बंद करा, आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्या आणि झाकण लावून टाका. पहिल्या टोच्यापासून पिल्लू बाहेर यायला 12 ते 24 तास लागू शकतात. याच वेळात माणसाचा हात शिवशिवतो. झाकण उघडलं की ओलावा उडतो, पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो. कवच सोलून मदत करायला गेलात तर रक्तवाहिन्या फाटतात, शिवाय बलक अजून पूर्ण पोटात गेलेला नसतो. तो आत शोषला गेला की पिल्लू एक-दोन दिवस खाण्याविना तगतं, म्हणून अंग पूर्ण सुकेपर्यंत त्याला आतच राहू द्या. बाहेर काढल्यावर पहिला आठवडा 35 अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी.