लांबच्या रोजच्या प्रवासात गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवावं

एकच गाडी, एकच रस्ता, तरी दोघांच्या हातात तिचं ॲव्हरेज वेगवेगळं पडतं. कारण शोधायला बॉनेट उघडावं लागत नाही. वाटेत ब्रेकवर किती वेळा पाय जातो, तेवढं मोजलं तरी बराच उलगडा होतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन तेवढंच परत येणाऱ्याला तर हा हिशेब नक्कीच करण्यासारखा आहे.

आधी मोजा

टाकी फुल्ल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वरून अजून थोडं ओतून घेऊ नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच, नोझल बंद होईपर्यंतच भरा. समजा, मधे ५२० किलोमीटर झाले आणि ३२.५ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १६. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. निदान तीन टाक्यांची नोंद ठेवा आणि जमल्यास एकाच पंपावर भरा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा थोडा खुशामत करणारा असतो. तुलनेसाठी तो ठीक, हिशेबासाठी नाही.

आणखी एक गंमत. ॲव्हरेज १० वरून १२ झालं तर १००० किलोमीटरमागे सुमारे १७ लिटर वाचतात. २० वरून २२ झालं तर फक्त साडेचार. घरात दोन गाड्या असतील, तर जास्त पिणारी आधी सुधारा.

टायर आणि ओझं

हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी किंवा अगदी जवळच्या ठिकाणी. लांबून धावून आलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि आपण फसतो. किती हवा भरायची हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, गरम होतो आणि इंजिनाची मेहनत त्या गरमीत जाते. थंडी पडली की दाब आपोआप उतरतो, तापमान ५-६ अंशांनी खाली आलं तर साधारण १ पीएसआय. म्हणून ऋतू बदलला की हमखास तपासा.

डिकीतलं सामान काढा, पण त्याने चमत्कार होणार नाही. ४५ किलो कमी केले तर साधारण एक टक्का फरक पडतो. टपावरचं कॅरियर मात्र रिकामं असलं तरी वारा अडवतं आणि हायवेवर चांगलंच महागात पडतं. एका सहलीनंतर माझ्या गाडीवर ते चार महिने तसंच राहिलं होतं, काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

ब्रेकचा हिशेब

खरी कमाई इथे आहे. साधारण १००० किलोची गाडी ताशी ६० वर आणायला जी शक्ती लागली, ती ब्रेक मारल्यावर पूर्णपणे गरमीत जाते. पेट्रोलमधल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं धरलं, तर असा एक पूर्ण थांबा साधारण १७ मिलिलिटरला पडतो. म्हणजे तीन चमच्यांहून थोडं जास्त. वाटेत असे वीस थांबे झाले की पाऊण पेला पेट्रोल नव्हे, चांगलं एक-तृतीयांश लिटर गेलं. ८० वरून थांबलात तर एका थांब्याची किंमत जवळजवळ दुप्पट होते.

तेव्हा नजर पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटवर न ठेवता तिच्याही पुढे दोन-तीन गाड्या ठेवा. लांबवर सिग्नल लाल दिसला, पुढे ब्रेकलाइट पेटताना दिसले, की तेव्हाच ॲक्सिलरेटर सोडून द्या आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. बरेच जण इथे न्यूट्रल टाकतात आणि वाचवल्याच्या समाधानात राहतात. पण इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे इंजेक्टर इंजिनात पेट्रोल फवारतात अशा आजच्या गाडीत, गिअर असताना पाय पूर्ण उचलला की इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतात आणि तेवढा वेळ पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतच राहतं. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं तर मुळीच नको: ब्रेकची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग जड होतं.

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की हे सगळं सोपं जातं. त्या जागेत कोणी घुसेल, घुसू द्या. तुमचं एका गाडीच्या लांबीएवढंच अंतर गेलं.

सुटताना अगदी रांगत निघण्यातही फायदा नाही. मध्यम दाबाने वेग घ्या, गिअर लवकर बदला आणि वरच्या गिअरमध्ये स्थिर व्हा. मात्र इंजिन घरघरायला किंवा थरथरायला लागलं तर ते सांगतंय की गिअर खाली घ्या. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर ती आधी मोडा. टू व्हीलरवर अर्धवट दाबलेला क्लच आणि कोरडी किंवा फार ताणलेली चेन हे दोन दोष आधी पाहा.

वेग, थांबणं आणि एसी

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्क्यांनी वाढतो आणि हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी. ३० किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात या बदल्यात मिळतात साडेचार मिनिटं, आणि पुढच्याच सिग्नलला तीही बऱ्याचदा परत जातात.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर कार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा. एसीबाबत: गर्दीत हळू चालताना खिडक्या उघड्या ठेवलेल्या परवडतात, हायवेवर मात्र काचा बंद करून एसी बेताचा ठेवलेला बरा. निघायची वेळ अर्धा तास मागे-पुढे करता येत असेल तर तेही करून पाहा. गर्दी टळली की वीसचे आठ थांबे होतात.

वर्कशॉपमध्ये

इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. महागडं प्रीमियम पेट्रोल, गाडीला गरज नसेल तर, ॲव्हरेज वाढवत नाही. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज उडी मारतं, हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं ज्ञान आहे. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर हवेच्या मापानेच पेट्रोल देतो, त्यामुळे घाण फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं नाही. इंजिनचा दिवा पेटला असेल तर मात्र टाळाटाळ नको. ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर पेट्रोल पाण्यासारखं जातं.

आणि सवयी त्याच असताना ॲव्हरेज एकाएकी उतरलं तर ब्रेक चिकटत नाहीत ना ते पाहा. माझ्या गाडीचं १७ वरून १४ वर आलं तेव्हा मी महिनाभर पंपालाच दोष देत होतो. एकदा घरी पोचल्यावर चाकांजवळ हात नेला, स्पर्श न करता, तर मागचं डावं चाक इतर तिघांपेक्षा भलतंच तापलेलं. हँडब्रेकची केबल अडकली होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा सपाट जागी हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये, गाडी हाताने ढकलून पाहतो.