धडा सगळ्यांपर्यंत पोचवायचाय? आधी फोनच्या सेटिंगमध्ये जा

आमच्याकडे इंदुरात रामबागेजवळ एका घराच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरतो. मुलं घरी मराठी बोलतात पण शाळा हिंदी नाहीतर इंग्लिश मिडियम, त्यामुळे "अरे वो वाला चित्र बघ ना, त्यात नदी किधर आहे" अशी आमची भाषा चालते. मी तिथे शिकवते. वर्गात एक मुलगी आहे जिला खूप कमी दिसतं, एक मुलगा कानाला मशीन लावतो, आणि दोन-तीन मुलं अशी की तोंडी विचारलं तर फटाफट सांगतात पण वाचायला दिलं की गप्प. सुरुवातीला मी प्रत्येकासाठी वेगळं ॲप शोधत बसायचे. ते सगळं सोडलं आणि एकच धरलं, की जो काही मजकूर मुलांना द्यायचा तो असा द्यायचा की फोनला तो वाचता आला पाहिजे. एवढं केलं की अर्धं काम फोन स्वतःच करतो, आणि तो फोन भारीतला असायची गरज नाही.

फोनला वाचता येणं म्हणजे काय ते मला कसं कळलं ते सांगते. इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, तिकडे जलूदहून पंप करून आणतात, त्याच्यावर मी एक पानभर धडा केला होता. टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतला आणि फाइल ग्रुपवर टाकली. त्या मुलीच्या आईचा फोन, की ताई, हिचा फोन काहीतरी एच के के जे आर असं बडबडतोय. धडा कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता! कृतिदेवमध्ये आपल्याला "भारत" दिसतं पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं, फक्त वर देवनागरीचा चेहरा चढवलेला. डोळ्यांनी बघणाऱ्याला फरक कळत नाही, ऐकणाऱ्याला एक शब्द कळत नाही. आपल्याकडे हिंदी टायपिंग अजून कितीतरी ठिकाणी कृतिदेवमध्येच चालतं म्हणून हे आधी तपासा. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करून बघा, देवनागरी राहिली तर युनिकोड आहे, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरंच साठवली आहेत, इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर नाही. जुन्या फाइली बदलायला ऑनलाइन कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर एकदा नजर फिरवाच, पहिली वेलांटी आणि रफार जागेवरून सरकतात कारण कृतिदेवमध्ये त्या टाइप करायचा क्रमच वेगळा असतो. नवीन काही लिहायचं तर सरळ जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये, मराठी कीबोर्ड घ्या, नाहीतर त्याच्या माइकवर बोला, मराठीत बोललेलं टाइप होतं.

पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवणं हीसुद्धा तीच अडचण. फोनसाठी तो नुसता फोटो, त्यात अक्षरं आहेत हे त्याला सहसा माहीतच नसतं. तो फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ गुगल ड्राइव्हवर टाका, कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून गुगल डॉक्सने उघडा, मजकूर बाहेर येतो, मराठीही येतो. छापील पान सरळ धरून नीट उजेडात काढलेलं असेल तर चांगला येतो, हाताने लिहिलेलं असेल तर स्वतःच टाइप करा, वेळ वाचेल.

आता चाचणी. ही एकदा स्वतः केल्याशिवाय कुठलीच फाइल पाठवू नका असं मी सगळ्या ताया-दादांना सांगते. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, मग ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय. आयफोनमध्ये ह्यालाच व्हॉइसओव्हर म्हणतात. चालू केल्यावर फोन वेगळा वागायला लागतो, घाबरू नका, एकदा टॅप केलं की तो नुसतं नाव वाचतो, उघडायचं असेल तर दोनदा टॅप, आणि स्क्रीन सरकवायला दोन बोटं. टॉकबॅकचा शॉर्टकट आधी चालू करून ठेवा म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबली की ते बंद होतं, नाहीतर बंद करताना घाम फुटतो. मग डोळे मिटून स्वतःचा धडा ऐका. जिथे तुम्ही अडाल तिथेच ते मूल अडणार आहे.

आवाजाचं एक खास आपलं सांगायचंय. फोन हिंदीत असला तर मराठी मजकूरही तो हिंदी आवाजात वाचतो, आणि मग "चाक" मधला च आणि "चार" मधला च दोन्ही सारखेच, ळ चं तर काय होतं ते ऐकूनच बघा. मूल आधीच दोन भाषांमध्ये अडकलेलं, त्याला चुकीचा उच्चार कशाला ऐकवायचा? टेक्स्ट टू स्पीचच्या, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या, सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज डाउनलोड करून घ्या. वायफायवर एकदाच करायचं काम आहे, पालकांच्या फोनवर मी स्वतः बसून करून देते.

चित्रांचं काय, तर चित्राखाली दोन ओळी लिहायच्या. "महेश्वरचा घाट" एवढं लिहून भागत नाही. "नर्मदेच्या काठावर दगडी पायऱ्या, वर किल्ल्याची उंच भिंत, खाली पाण्यात दोन होड्या" असं लिहा. धड्यात प्रश्न होड्यांवर असेल तर होड्या आल्याच पाहिजेत, नसेल तर सोडा. मला वाटलं होतं हे एका मुलीसाठी करतेय, पण बाकीची मुलंही ते वाचून चित्र नीट बघायला लागली आणि त्यांना मराठी शब्द मिळाले ते वेगळंच. नकाशात लाल रेघ हिरवी रेघ असं करू नका, काही मुलांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, एक सलग रेघ आणि एक तुटक रेघ काढा आणि वर नाव लिहा.

कानाला मशीन लावणाऱ्या मुलासाठी मी गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब वापरते, फुकट आहे. बोललेलं स्क्रीनवर अक्षरांत उमटतं. एक फोन त्याच्या बाकावर ठेवायचा. नेट लागेल असं धरूनच चला. पण वर्गात पंखा फुल स्पीडवर, बाहेर भाजीवाला, आणि मी फळ्याकडे तोंड करून बोलतेय, मग स्क्रीनवर काहीच्या बाही येतं. त्यावर उपाय साधे आहेत, एक स्वस्तातला वायरवाला कॉलर माइक घ्या, त्या फोनला जोडा, आणि बोलताना तोंड मुलांकडे ठेवा कारण ते मूल ओठही वाचत असतं. ॲपमध्ये दोन भाषा ठेवता येतात, मी मराठी आणि हिंदी ठेवल्यात, पण एकाच वाक्यात दोन्ही मिसळल्या की गडबड होते. म्हणून महत्त्वाचं वाक्य मी एका भाषेत पूर्ण करते, मग हवं तर दुसऱ्या भाषेत परत सांगते. अहिल्याबाई, मल्हारराव, जलूद अशी नावं ॲपच्या सेटिंगमध्ये आधी घालून ठेवता येतात. आणि इतर मुलं बोलतात तेव्हा माइक त्यांच्या हातात द्या, नाहीतर त्याला फक्त बाईंचं कळतं आणि वर्गातली सगळी मजा निसटते, हे तर मला सगळ्यात जास्त लागतं.

जी मुलं खुणांच्या भाषेत बोलतात त्यांच्यासाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश आहे, आणि डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या ह्या सरकारी शिक्षणाच्या टीव्ही चॅनेलांपैकी ३१ नंबरचा चॅनेल ह्याच भाषेसाठी आहे. माझ्या वर्गात असं मूल अजून आलेलं नाही म्हणून जास्त सांगत नाही.

वाचायला अडणाऱ्या मुलांचं बघू. भ-म, घ-ध, ब-व, आणि जोडाक्षरं, इथे ती अडतात. त्यांना आळशी म्हणू नका, प्लीज. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात डिस्लेक्सियाही, म्हणजे वाचताना अक्षरांत अडकणं, येतो, पण निदान करणं हे आपलं काम नाही, तशी शंका असेल तर पालकांशी एकट्यात बोला. आपण काय करायचं, तर फॉन्ट मोठा आणि साधा, मुक्ता किंवा नोटो सारखा, ओळींमध्ये दीडपट जागा, आणि पान गच्च भरायचं नाही. मग अँड्रॉइडमधलं सिलेक्ट टू स्पीक चालू करून द्या, ते वाचताना शब्द रंगवत जातं, मूल कानाने आणि डोळ्यांनी एकदमच धरतं. वेग थोडा कमी ठेवा. उत्तर लिहायचं असेल तेव्हा माइकवर बोलून टाइप करू द्या. ह्यावर एक आजोबा मला म्हणाले की मग शुद्धलेखन कधी शिकणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही दोन्ही वेगळं ठेवलंय, ज्या दिवशी शुद्धलेखन त्या दिवशी पाच शब्द हाताने, आणि ज्या दिवशी नर्मदेवर काय वाटतं ते सांगायचं त्या दिवशी बोलून. पूर्वी तीन शब्दांवर थांबणाऱ्या एका मुलाने पहिल्यांदा अख्खं पान सांगितलं, त्यात त्याच्या आजीच्या ओंकारेश्वरच्या परिक्रमेची गोष्ट होती जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती.

पुस्तकं हवी असतील तर सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ साली सुरू झाली, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांना तिथे मेंबर होता येतं. विंडोजवाला कॉम्प्युटर असेल तर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आणि हो, फोन सगळ्यांकडे नसतो. आमच्याकडे एका घरी एकच फोन आहे आणि तो दिवसभर बाबांबरोबर दुकानात. म्हणून धडा मी तीन रूपांत देते, टाइप केलेला मजकूर, तोच दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये, आणि ज्यांना हवा त्यांना मोठ्या अक्षरात प्रिंट. व्हिडिओ शक्यतो नाहीच, डेटा खातो. रात्री आठनंतर पाठवते, तेव्हा फोन घरी आलेला असतो.

कुणाला काय त्रास आहे हे ग्रुपवर कधीही लिहू नका, "हे अमक्यासाठी खास" असंही नको. तिन्ही रूपं सगळ्यांनाच पाठवा, ज्याला जे हवं ते तो उचलतो. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून विचारा की कुठे अडलं. मोठ्यांसमोर ती "सब ठीक आहे ताई" म्हणतात, एकटी असली की सांगतात. मागच्या वेळी त्या मुलीने सांगितलं की तुमच्या व्हॉइस नोटच्या मागे कुकरच्या शिट्ट्या येतात, मला शब्द सुटतात. आता मी कुकर लावायच्या आधी रेकॉर्ड करते.