धावल्यावर अंगठ्याचं नख काळं पडायचं, ते असं थांबलं

लांब पल्ला धावलं, विशेषतः उतारावर, की अंगठ्याचं नख ठणकायचं आणि दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसायचं. जाड मोजे घातले, नखं बारीक कापली, एक नंबर मोठा बूट घेतला. त्यात टाच निसटायला लागली. वैताग आला होता.

उपाय झाला तो असा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, धावण्याचे मोजे घालून उभं राहून दोन्ही पावलं मोजली. बूट मोठ्या पावलाच्या मापाचा घेतला, बोटांपाशी रुंद. सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंमी जागा ठेवली. सर्वांत लांब बोट कधीकधी अंगठ्याशेजारचं असतं, तेही बघा.

खरा फरक नाडीने पडला. बूट घालून टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची. घोट्याजवळच्या शेवटच्या जादा भोकात नाडी त्याच बाजूने ओवून लहान फासा ठेवायचा, दोन्हीकडे. मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून काढायचं, टाचेच्या दिशेने खाली ओढायचं आणि गाठ मारायची. बोटांकडची नाडी मात्र सैलच ठेवायची. टाच जागची हलत नाही, त्यामुळे उतारावरही बोटं पुढे आदळत नाहीत. काळं नख उपटू नका. नवं यायला बरेच महिने लागतात.