मंडळीचा मदतनिधी कसा चालवावा

अडलेल्या माणसाला मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी काय मिळतं, त्यावरून गाव मंडळीला ओळखतं. पण बऱ्याच ठिकाणी ही मदत पाळकांच्या (पास्टरांच्या) खिशातून जाते. पाळकांची बदली झाली, की विधवेचं रेशन थांबतं. म्हणून निधी वेगळा हवा आणि माणसंही वेगळी.

यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा सात जण निवडले गेले (बायबल, प्रेषितांची कृत्ये 6). त्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांची कुरकुर होती, वाटप त्यांच्याच लोकांच्या हाती गेलं! तेव्हा 5 जणांच्या समितीत निदान 2 बाया घ्या आणि एक जण गरज असलेल्या वस्तीतलाच घ्या. पाळकांनी सल्ला द्यावा, पैशाला हात लावू नये.

महिन्यातला एक रविवार या अर्पणासाठी ठरवा. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) असेल तर उत्तम. उपकारस्तुतीच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यातला काही भागही इकडे वळवता येतो. पेटी दोघांनी मोजायची, तिथेच वहीत आकडा लिहून दोघांनी सह्या करायच्या, सोमवारी रक्कम ट्रस्टच्या खात्यात. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइलवर देणगी घेऊ नका. माणूस कितीही सचोटीचा असला तरी ऑडिटला उत्तर देता येत नाही. प्रेषित पौलसुद्धा वर्गणी नेताना सोबती घेत असे, कोणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8). आणखी एक: अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भाच्याने पाठवलेले 100 डॉलरही कायद्याने परदेशी देणगीच ठरतात. एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

मदत मागणारा आला की दोन दिवसांत दोघांनी घरी जावं. कमावतं कोण, भाडं किती, औषधं कोणती, कर्ज कुणाचं, एवढं विचारा. चौकशीची झडती होऊ देऊ नका. रोख शक्यतो टाळा. किराणावाला, मेडिकल, शाळा यांना थेट पैसे द्या. चार माणसांच्या घराला महिन्याला गहू-तांदूळ मिळून 25 ते 30 किलो, डाळ 3 किलो, तेल 3 लिटर धरा. मदत 3 महिन्यांची ठरवा आणि मग पुन्हा घरी जाऊन बघा. उसने मात्र कधीही देऊ नका. फेडता आलं नाही, की तो माणूस उपासनेलाच यायचा थांबतो.

मोठा खर्च निधीला झेपत नाही, तिथे समितीचे पाय कामाला येतात. निराधार विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात भरून द्या. ऑपरेशन असेल तर धर्मादाय रुग्णालय गाठा: तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन आधी तिथल्या समाजसेवकाला भेटा, बिलाच्या खिडकीवर नंतर.

पिशवी देतानाचा फोटो काढू नका. मदतीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अट तर सूचकपणेही नको. घेणारा ख्रिस्ती नसेल तर त्याच्या पिशवीत पत्रक घालू नका. हिशोब दर तिमाहीला मंडळीसमोर वाचा: जमा किती, किती घरांना मदत, औषधांवर किती, शिल्लक किती. नावं फक्त समितीच्या वहीत राहतील आणि ती वही कुलपात.