‘संशोधकांना यश’ ही बातमी कशी वाचावी

“ताई, ह्ये औषध कुठं मिळंल?”

कवठेमहांकाळ तालुक्यातून आलेल्या त्या गृहस्थांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधी बायकोची फाइल काढली, आणि फाइलमधून चौकोनी घडी घातलेलं आमच्याच पेपरचं कात्रण. ‘कर्करोगावर औषध सापडले’ हा मथळा मी दिलेला होता. सांगलीत एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी 22 वर्षं उपसंपादक होते, 2022 मध्ये निवृत्त झाले. तो दिवस मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी मूळ कॉपी उघडली. एजन्सीकडून आलेली बातमी नऊ परिच्छेदांची होती. नवव्या परिच्छेदात लिहिलं होतं की प्रयोग उंदरांवर झालेत, माणसांवरच्या चाचण्या अजून सुरू व्हायच्या आहेत. रात्री साडेदहाला पानावर जागा उरली होती सहा परिच्छेदांची. बातमी बसत नसेल तर ती खालून कापायची, हे डेस्कवर पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी शेवटचे तीन परिच्छेद काढले होते, आणि मथळा राहिलेल्या मजकुरावरून दिला होता. तो नववा परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, कात्रणाची घडी पुन्हा घातली आणि विचारलं, “मग किती वर्सं लागत्याल?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता भिशीतल्या मैत्रिणी, भाचा, वाड्यातली कॉलेजची मुलं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कात्रणं पाठवतात आणि खाली लिहितात, “खरं आहे का?” प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा मी काय काय बघते ते इथे लिहून ठेवते.

बातमी शेवटच्या परिच्छेदापासून वाचायला घ्या. संशोधनाच्या मर्यादा तिथेच असतात, त्यामुळे कापल्या जातात त्याही त्याच. बातमी अचानक संपल्यासारखी वाटली तर तीच बातमी दुसऱ्या दोन ठिकाणी शोधा. कुठेतरी ती पूर्ण छापलेली सापडते. शोधायचं एवढंच की प्रयोग कशावर झाला. काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर असेल तर कुठला टप्पा? पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर औषध सोसतं का एवढंच पाहतात. गुण येतो का, आधीच्या औषधापेक्षा जास्त येतो का, हे पुढच्या टप्प्यांत शेकडो-हजारो लोकांवर तपासतात. उंदरांपासून औषधाच्या दुकानापर्यंत यायला बहुतेक वेळा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात आणि बरीचशी औषधं वाटेतच गळतात. घरात आजारी माणूस असेल तर हा एक प्रश्न विचारल्याशिवाय ती बातमी त्याच्यासमोर वाचू नका.

मग किती जणांवर, ते बघा. 2018 च्या नोव्हेंबरात आपल्याकडे गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम आली तेव्हा आमच्या कचेरीत पालकांचे फोन येत होते, “या लशीने मुलं मंद होतात असं परदेशात सिद्ध झालंय ना?” त्या अफवेची एक मुळी 1998 मधल्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकातल्या एका शोधनिबंधात आहे. लंडनच्या डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवला होता. मुलं किती? बारा. पुढे लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि असा संबंध कुठेच दिसला नाही. लस बनवणाऱ्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळाले होते, तेही बाहेर आलं. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी त्यांचं डॉक्टरकीचं नाव नोंदवहीतून काढलं गेलं. निबंध छापणं आणि मागे घेणं यांत बारा वर्षं गेली. म्हणून जुनं संशोधन कुणी पुढे केलं की ते आज टिकून आहे की मागे घेतलंय, तेही शोधा.

टक्केवारी दिसली की कशाचे टक्के, हा प्रश्न. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने सांगितलं की रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. पुष्कळांनी ते 100 पैकी 18 जणांना कर्करोग होतो असं वाचलं. समजा एरवी 100 पैकी 5 जणांना हा आजार होणार असेल, तर 18 टक्के वाढ म्हणजे 5 चे जवळपास 6. तो सहावा माणूस महत्त्वाचा आहेच, पण अठरा आणि सहा यांत फरक आहे.

शून्यंही मोजा. इंग्रजी कॉपीतला मिलियन म्हणजे 10 लाख, बिलियन म्हणजे 100 कोटी. 2017 च्या जुलैत पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांचा) महासमूह शोधल्याची बातमी आली. अंतर चार बिलियन प्रकाशवर्षं, म्हणजे 400 कोटी. आमच्या पहिल्या प्रूफमध्ये ते 40 कोटी पडलं होतं. पान जाण्याआधी लक्षात आलं म्हणून वाचलो.

दुसऱ्या कुणी तपासलंय का, हे विचारायला विसरू नका. 2023 च्या जुलैत भाच्याने रात्री अकराला व्हिडिओ पाठवला: चुंबकावर अर्धवट तरंगणारा काळा तुकडा. दक्षिण कोरियातल्या गटाचा दावा होता की एलके-99 हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला अतिवाहक आहे, म्हणजे त्यातून वीज विनाअडथळा वाहते. निबंध फक्त इंटरनेटवर ठेवलेला होता, इतर तज्ज्ञांनी तपासून मासिकात छापलेला नव्हता. मी त्याला म्हटलं, महिनाभर थांब. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला, त्यात आपली दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही होती, आणि अतिवाहकता सापडली नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चित्र बरंच स्पष्ट झालं होतं. मोठ्या शोधाच्या बातमीला एवढा वेळ द्यावाच.

चांगलं संशोधन कसं दिसतं, हे कुणी विचारलं तर मी जयंत नारळीकरांची फलज्योतिषाची चाचणी सांगते. नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती केली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. कुठली कुंडली कुणाची, हे गुपित ठेवलं. प्रत्येक ज्योतिषाला 40 कुंडल्या दिल्या आणि मूल कुठल्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के. नाणं उडवून उत्तर लिहिलं असतं तरी 50 च्या आसपास आलं असतं. ही तुलना कशाशी, हेच बातमीत शोधायचं असतं. औषधाने 60 टक्के लोक बरे झाले असं लिहिलं असेल तर औषध न घेतलेले किती बरे झाले?

आता विद्यापीठातल्या माणसांच्या बातम्या. जिल्हा आवृत्तीत या रोज येतात, फोटोसह, आणि इथे डेस्कवर कुणी काही विचारत नाही, कारण निवेदन ओळखीच्या माणसाने आणून दिलेलं असतं.

‘स्टॅनफोर्डच्या यादीत आपले प्राध्यापक’ ही दर पावसाळ्याच्या अखेरीची ठरलेली बातमी. जगभरातल्या संशोधकांची ही यादी अमेरिकेतल्या स्टॅनफोर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी करतात. स्कोपस या निबंधसूचीत कुणाच्या कामाचा इतरांनी किती उल्लेख केला, त्यावरून गुण काढलेले असतात. निवड समिती नाही, अर्ज नाही, पुरस्कार नाही. याद्या दोन असतात: एक सगळ्या कारकिर्दीची, दुसरी एका वर्षाची. तक्ता कुणालाही उतरवून घेता येतो, त्यात नाव शोधा आणि कुठल्या यादीत आहे ते पाहा. कारकिर्दीच्या यादीत नाव असणं ही कौतुकाची गोष्ट आहे, ते जरूर करा.

‘पेटंट मिळाले’ हे तर नीटच तपासा. भारतात पेटंटचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिकात प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध झाला म्हणजे मंजूर झाला असं नव्हे. तपासणी त्यानंतर असते. वस्तूच्या नुसत्या आकाराची नोंदणी वेगळी, तिला डिझाइन नोंदणी म्हणतात. निवेदनात अर्ज क्रमांक मागा आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाका, पाच मिनिटांत कळतं. मानद डॉक्टरेट आली तर देणारी संस्था विद्यापीठ आहे का, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत बघा; बनावट विद्यापीठांची यादीही आयोगच लावतो. ‘आंतरराष्ट्रीय मासिकात शोधनिबंध’ असेल तर मासिकाचं नाव विचारा. आयोगाने मान्य केलेल्या यादीतल्या 1009 मासिकांची पुण्यातल्या अभ्यासकांनी छाननी केली होती. तो अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला, त्यात 88 टक्क्यांहून जास्त मासिकं कमी दर्जाची निघाली. अशी काही मासिकं पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापतात, आणि त्यात भरडले जातात ते खरं काम करणारे पीएचडीचे विद्यार्थी.

चूक सापडली तर पेपरला फोन करा. सकाळी अकराला डेस्कवर कुणी नसतं, सातनंतर पानं लावायला घेतात, म्हणून दुपारी चार ते सहा. अंकाची तारीख, पान, मथळा सांगा, चूक एका वाक्यात सांगा आणि मूळ निबंधाचं नाव मेलने पाठवा. मी डेस्कवर असताना असे फोन वर्षाला जेमतेम तीन-चार यायचे. प्रत्येक वेळी आम्ही मूळ कॉपी काढून बघायचो.